इंदूचा आधीचा फोटो

धरणगावाहून धुळं काही लांब नाही. एसटीनं अडीच तास, मधे चहा लांबला तर तीन. "एवढ्याशा वाटेचं काय लिहितेस?" आमचे हे विचारत होते. मी म्हटलं, लोक काशीला जातात आणि येऊन गर्दीचं वर्णन लिहितात. मी धुळ्याला गेले आणि माणसाच्या अंगातलं पाणी कसं हलतं ते बघून आले. मग मी लिहायला नको?

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर झालं. डाळ डब्यात गेली की पुडीचा कागद माझा. तेव्हा मशीनबद्दल काही चुकीचं लिहिलं गेलं तर ती चूक माझी समजा, वर्षाची नाही.

वर्षा ही माझ्या भावाची मुलगी. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, म्हणजे मी तिची फुई. ती डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नव्हे. भौतिकशास्त्रातली डॉक्टर. पुण्याकडे एका संशोधन संस्थेत ती एमआरआयच्या मशीनला नव्या तऱ्हेनं फोटो काढायला शिकवते. कॅन्सरच्या गाठीला औषध लागू पडतंय की नाही, ते लवकर कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. एरवी गाठ लहान झाली का ते बघायला महिने जातात. वर्षाचं म्हणणं, लहान होण्याआधी गाठ आतून बदलते, आणि तो बदल फोटोत पकडता येतो. मोठ्या शहरातल्या भारी मशीनवर तिला ते जमलं होतं. आता तिला तेच धुळ्यासारख्या गावच्या साध्या मशीनवर जमवायचं होतं. तिच्या वरचे लोक म्हणत होते, तिकडचे फोटो भरवशाचे येणार नाहीत.

आणि इंदू माझी धाकटी जाऊ. सतराव्या वर्षी आमच्या घरात आली, आज तिला बावन्न पुरी झाली. डाव्या छातीत गाठ लागली, जळगावला तपासणी झाली, आणि शुक्रवारपासून धुळ्याच्या दवाखान्यात औषध सुरू करायचं ठरलं. मी वर्षाला फोन केला तो नुसता रडायला. ती माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "फुई, मी याच आठवड्यात धुळ्याला आहे. काकूंची इच्छा असेल तरच विचार. त्यांच्या उपचारात याने काही फरक पडणार नाही, चांगला नाही की वाईट नाही. पण पहिल्या सलाईनच्या आधीचा त्यांचा फोटो मिळाला, तर आमच्या कामातली इकडची पहिली बाई त्या असतील."

औषध एकदा अंगात गेलं की 'आधी' संपलं. ते पुन्हा कुठून आणणार? शुक्रवारी औषध, म्हणजे फोटोला गुरुवार हा एकच दिवस.

मी इंदूला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती कापसाच्या बोंडातला कचरा वेचत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मन्हा कामले नही उनं तरी चाली, अक्का. पोरीना कामले येई." तिला मुलगी आहे, नाशिकला दिलेली. माझ्या उपयोगी नाही आलं तरी चालेल, मुलीच्या येईल, असं. मी लगेच वर्षाला हो कळवलं.

बुधवार, पद्मालय

इंदूच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या धाकट्या दिरानं, बुधवार-गुरुवार वेचणीला मजूर सांगून ठेवले होते. तो शुक्रवारी पहाटे थेट दवाखान्यात येणार होता. म्हणून निघालो आम्ही दोघी जावा. माझ्या मांडीवर भरताच्या वांग्यांची टोपली. हिवाळा लागला होता, आणि खानदेशातून कोणाकडे हिवाळ्यात रिकाम्या हातानं जायचं म्हणजे लाजच. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वांगी मांडीवर अन् पिशवी सीटवर? अर्धं तिकीट फाडू का पिशवीचं?" मी म्हटलं, "पिशवी म्हातारी आहे, तिला सवलत आहे." इंदू खिडकीकडे बघत होती, पण तिचा खांदा हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

एरंडोलला उतरून रिक्षानं पद्मालयाला गेलो. तिथं एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. बाहेर कमळांचं तळं. पोटापर्यंत पाण्यात उतरून एक माणूस कमळं काढत होता. इंदू बराच वेळ डाव्या सोंडेच्या गणपतीसमोर उभी राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, "काही नाही. ते मशीन आवाज करतं म्हणे. मला दचकू देऊ नको म्हटलं."

बघा, बाईला गाठीची भीती नव्हती असं नाही. पण देवाकडे मागताना तिनं उद्याचं काम बिघडू नये एवढंच मागितलं. आमच्या घरात ती अशीच आहे. कोणाचं काम सोपवा, ती विसरायची नाही.

बुधवार दुपार, पारोळा

वर्षानं फोनवर बजावलं होतं की अंगावर धातूचा कणही चालणार नाही. मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक. मंगळसूत्र, कानातलं, पिन, सगळं काढायचं. मंगळसूत्र काढायला इंदूनं काही त्रास दिला नाही, रुमालात बांधून माझ्याकडे दिलं. अडलं ते जोडव्यांवर. पस्तीस वर्षांत बोटं जाड झाली होती, जोडवी हाडात रुतल्यासारखी बसलेली. घरी तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिलं. उजवीकडचं निघालं, डावीकडचं निघेना.

पारोळ्याला गाडी बदलायला तासभर होता. किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूनं बाजारात चालत गेलो तर एक सलीमभाई भेटले, कुलपं, स्टोव्ह, चाळण्या दुरुस्त करणारे. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी म्हटलं, भाऊ, हे कापून द्या. त्यांनी इंदूचा पाय बघितला, मग तिचं तोंड बघितलं.

"कशासाठी काढायचं?"

"दवाखान्यात मशीनमधे जायचंय."

"मग कापायचं कशाला? बाई परत येणार आहे ना?" त्यांनी रेशमाचा दोरा घेतला. एक टोक जोडव्याखालून सरकवलं, बाकीचा दोरा बोटाला जवळजवळ गुंडाळत नेला, आणि खालच्या टोकानं हळूहळू उलगडायला लागले. प्रत्येक वेढ्याला जोडवं केसभर पुढे सरकायचं. पाच मिनिटांत ते त्यांच्या तळहातावर होतं, अखंड. बोटावर पांढरा गोल वळ राहिला. इंदू त्या वळाकडेच बघत होती. सलीमभाई म्हणाले, "लुगड्यानं झाका त्याला, अक्का. उन्हात गेलं नाही ते कातडं इतकी वर्षं. लाजतंय."

इंदू हसली आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, दोन्ही एकदम.

बुधवार संध्याकाळ, धुळे

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नंबर आहेत, नावं नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्याकडे पत्ता विचारला तर आधी त्या घराचा इतिहास ऐकावा लागतो. इथं चौथी म्हणजे चौथी. वर्षा एका ओळखीच्यांच्या रिकाम्या घरात उतरली होती, पांझरा नदीच्या बाजूला. दारात आली ती जीन्समधे, हातात पाण्याच्या सहा छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी म्हटलं, "अगं, पाहुण्यांना पाणी द्यायचं तर ग्लासात दे."

"फुई, हे प्यायचं नाही. हे मशीनचे पेशंट."

तर ऐका. नवीन तऱ्हेचा फोटो एकदम माणसाचा काढत नाहीत. आधी बाटल्यांचा काढतात. कोणत्या बाटलीत पाणी किती मोकळं हलतंय ते त्यांना आधीच माहीत असतं, मशीननं तेच सांगितलं तर मशीन खरं बोलतंय. बाटल्यांनंतर भाज्या आणि फळं. "केळी पण?" मी विचारलं. जळगावकडच्या माणसाला हे विचारावंच लागतं. म्हणाली, केळी पण. मग तिची नजर टोपलीवर गेली आणि तिनं दोन वांगी बाजूला काढली, एकसारखी, हिरवी, लांब. "एक भाज, फुई. एक राहू दे."

मी बर्नरवर वांगं भाजलं. भाजलेलं आणि कच्चं तिनं शेजारी शेजारी ठेवलं आणि इंदूला म्हणाली, "काकू, बाहेरून बघा. आकार फारसा बदलला?" नव्हता बदलला. "आता दाबा." कच्चं टणक, भाजलेलं बोटाखाली गेलं. "आत पाण्याच्या बारीक बारीक खोल्या असतात. कच्च्यात भिंती उभ्या आहेत, पाणी अडलंय. भाजल्यावर भिंती पडल्या, पाणी मोकळं फिरतंय. गाठीतही तसंच. तिथं पेशींची दाटी असते, पाण्याला हलायला जागा नसते. औषध लागू पडलं की पेशी मरायला लागतात, भिंती पडतात, पाणी मोकळं होतं. गाठ बाहेरून तेवढीच दिसते, पण आतलं पाणी आधी सांगतं. मी ते पाणी मोजते. उद्या मोजायचं, आणि काही दिवसांनी परत मोजायचं."

इंदूनं भाजलेल्या वांग्यावर पुन्हा बोट ठेवलं. "म्हणजे उद्या कच्चं मोजणार," ती म्हणाली.

"बरोबर."

पदवी घेतलेल्यांनाही मी हे समजावून पाहिलं आहे परत आल्यापासून. इंदूइतक्या लवकर कोणाला समजलं नाही.

उरलेल्या वांग्यांचं भरीत केलं, हिरव्या मिरचीचं, शेंगदाण्याचं, कांद्याची पात घालून. कळण्याच्या भाकरी मी घरून आणल्या होत्या, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या. वर्षा चार खाऊन उठली आणि पाचवीसाठी परत बसली.

गुरुवार, धुळे

एमआरआय सेंटरच्या डॉक्टरांनी आम्हाला दोन ते चार ही वेळ दिली होती. चारनंतर त्यांचे नेहमीचे पेशंट. वर्षानं सकाळीच जाऊन बाटल्या आणि वांगी मशीनमधे घालून पाहिली होती. मी पोचले तेव्हा तिनं मला पडद्यावर दाखवलं, कच्चं वांगं काळपट, भाजलेलं उजळ. तिच्या तोंडावर परीक्षेत पहिलं आल्यासारखं हसू होतं. "मशीन खरं बोलतंय, फुई."

तिथं मशीन चालवणारे होते सुभाषभाऊ. साठीचे, केस पिकलेले, अंगात पांढरा कोट आणि पायात रबरी चप्पल. दारातच त्यांनी सगळ्यांची झडती सुरू केली. "पिना असतील तर काढा." मी एक काढली. मग आठवून दुसरी. मग ब्लाऊजच्या आतून दोन, निऱ्यांमधून तीन. सात झाल्या तेव्हा ते म्हणाले, "मावशी, तुम्ही साडी नेसता की साडी तुम्हाला शिवलेली असते?" मशीनच्या आत जायची ती इंदू, पण मशीनच्या खोलीत पाय ठेवायचा असेल तर मलाही हाच नियम.

मग कागद भरायला बसले. नाव, वय, गाव. गावाचं नाव ऐकलं आणि त्यांचा पेन थांबला.

"कोणाच्या घरच्या?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. सुभाषभाऊ उठून उभेच राहिले. "अहो मी तुमच्या वरल्या गल्लीचा! तुमच्या मालकांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं. अन् त्यांच्या धाकट्या भावाला मी शिकवलं!"

घ्या! म्हणजे माझे ते गावकीतले दीर लागले. मग मला काय, सुटलेच मी. "मग भाऊ, वहिनी आली तर चहा नाही, पाणी नाही, नुसत्या पिना काढून घेता?" ते हसायला लागले, घरची भाषा बोलायला लागले, बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या गावाची खुशाली विचारून झाली. इंदू कोपऱ्यात बसली होती. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. आपल्या घरातली भिंत कोणत्या रंगाची आहे हे आपण रोज कुठे बघतो, तसं.

इंदूची जरीकाठाची साडी आत चालणार नव्हती, जरीत धातू. तिला नाडीचा गाऊन दिला. या तपासणीला पालथं झोपावं लागतं, हात डोक्याच्या पुढे ठेवून. कानाला हेडफोन लावतात, कारण मशीन ठोकल्यासारखं वाजतं, आणि बाहेरून सूचना देतात त्या त्यातून ऐकू येतात. वर्षानं तिला दोनदा समजावलं, "काकू, हलायचं नाही एवढंच. मी पाण्याची बारीकशी हालचाल मोजतेय. माणूस हललं तर पाणी हललं की माणूस हललं, मशीनला कळत नाही." इंदूनं हात जोडून मान हलवली आणि आत गेली.

काचेच्या अलीकडे सुभाषभाऊ माईकवर बोलले, "इंदूबाई, आते चार मिनिट हालानं नही हां." ठकठक सुरू झाली. थांबली. परत सूचना, परत ठकठक. असे सहा भाग.

पडद्यावर फोटो आला आणि वर्षाचा चेहरा उतरला. एकाच कडेच्या तीन-तीन सावल्या, ओल्या शाईवरून बाही फिरल्यासारख्या.

"काकू हलल्या का?"

इंदूला विचारलं. ती जीव तोडून सांगत होती, "नही व माय, मी जराबी हालनू नही." आणि इंदू खोटं बोलत नाही.

वर्षानं श्वासाचा विचार केला, काही आकडे बदलले, उशी नीट केली. पुन्हा सहा भाग. पुन्हा तसंच. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्षा खुर्चीत मागे टेकली आणि इंग्रजीत स्वतःशी काहीतरी पुटपुटली. मग मला म्हणाली, "फुई, वरचे लोक म्हणतील बघ, सांगितलं होतं." ती रडली नाही, पण तिचा आवाज दहावीतल्या वर्षाचा झाला होता. "वांग्यांचा इतका स्वच्छ आला. मशीन चांगलं आहे. मग काय चुकतंय?"

एक विचित्र गोष्ट तिनं दाखवली. प्रत्येक भागाचा शेवट बऱ्यापैकी येत होता. बिघडत होती ती सुरुवात. दोन्ही खेपांना, सहाही वेळा.

मी म्हटलं, मला आत बसू दे तिच्याजवळ. पुन्हा झडती झाली. आठवी पिन निघाली, तेव्हा कोणी हसलं नाही. कानात बोळे घालून मी मशीनच्या मागच्या तोंडापाशी स्टुलावर बसले. तिथून मला इंदूचं डोकं आणि पुढे ठेवलेले हात दिसत होते. डोकं उघडं. मधल्या भांगात पांढरे केस.

माईकवरचं मला काही ऐकू येत नव्हतं. मला नुसतं दिसत होतं. मशीन शांत होतं. मग इंदूचा उजवा हात उचलला गेला. कपाळाजवळ गेला, बोटांनी चिमूट केली, आणि नसलेली वस्तू पुढे ओढली. एकदा ओढली, मिळाली नाही, पुन्हा शोधली. मग हात हळूच परत जागेवर गेला. तोवर ठकठक सुरू झालेली होती.

ती हालचाल मी पस्तीस वर्षं बघत आले आहे. ओट्यावर आमचे हे खाकरले की चुलीपाशी हाच हात असाच उठायचा, पीठ लागलेला असला तरी.

मी हात वर करून थांबवा म्हटलं आणि बाहेर आले. आता वाचणाऱ्यांपैकी कोणी इकडचे नसतील त्यांच्यासाठी सांगते. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आम्ही जेठ म्हणतो. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. गावकीच्या नात्यालाही तोच नियम. सुभाषभाऊ माझ्या नवऱ्याहून लहान, म्हणून मला दीर. पण इंदूच्या नवऱ्याहून मोठे. तिचे ते जेठ. आणि हा जेठ दर चार मिनिटांनी तिच्या कानात बोलत होता, घरच्या भाषेत, आणि तिच्या डोक्यावर काही नव्हतं.

वर्षा माझ्याकडे बघतच राहिली. "पण त्यांना तर दिसतही नाहीये."

"अगं, तिलाही माहीत नाही ती हलतेय. हात हलतो, ती नाही."

सुभाषभाऊंचं तोंड पडलं. कोटाच्या खिशात हात घालून उभे राहिले. "अक्का, मी आपलेपणानं बोललो हो. भिऊ नये म्हणून."

"मला माहीत आहे, भाऊ."

"मी जातो बाहेर."

"बाहेर कुठे जाता? मशीन कोण चालवेल, मी?" मी म्हटलं. "तुम्ही चालवा. फक्त बोलू नका."

वर्षा आधीच गळ्यातली ओढणी काढत होती. साधी, सुती, पोपटी रंगाची. तिनं धातू तपासायच्या छोट्या लोहचुंबकावर ती इंच इंच फिरवून पाहिली, मग आत जाऊन इंदूच्या डोक्यावरून नीट घेतली, कानांच्या मागून, हनुवटीखाली सैल गाठ. मी काचेतून पाहत होते. मुलगी बाहुलीला नेसवते तशी ती तिला पदर देत होती, आणि इंदूनं डोळे मिटले होते.

माईक माझ्यापुढे आला. "इंदू," मी म्हटलं, "मी आहे. डोकं झाकलेलं आहे. आते चार मिनिट हालानं नही."

ठकठक झाली. दुसऱ्या भागाला मला वाटलं, नुसतं हलू नको काय, दोन शब्द बोलावेत. म्हटलं, "इंदू, तुला आठवतं का, सासूबाईंनी लपवलेले दराब्याचे लाडू आपण खाल्ले आणि तुझ्या नाकाला रवा—" वर्षानं माईक ओढून घेतला. "फुई! हसवू नकोस त्यांना!" मग मी तोंड घट्ट मिटून बसले. ते मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

चारला पाच कमी असताना सहावा भाग संपला. पडद्यावर फोटो आला. एकच कड, पेन्सिलीनं काढलेली असावी अशी. मधे एक काळपट ठिपका.  वर्षानं पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. सुभाषभाऊ बाहेरच्या पेशंटला "आलोच" म्हणून सांगायला गेले ते जरा जास्तच वेळ तिकडे थांबले.

साडी नेसून इंदू आली, म्हणाली, मला बघायचंय. वर्षानं तिला समजावलं, यातून आजाराचं काही सांगता येणार नाही, हा फक्त आधीचा फोटो. इंदूनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती ठिपक्याकडे बघत होती. मग म्हणाली, "इतलंसंच शे?"

एवढंसंच आहे, असं. महिनाभर ती केवढं काय उरात घेऊन फिरत होती, ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी वर्षा वही घेऊन बसली. फोटो काढण्याची पद्धत लिहिलेली वही, तीच पुढे दुसऱ्या गावांना जाणार आहे. तिनं वाचून दाखवलं. आत जाण्याआधी बाईला विचारावं की तिला डोक्यावर कापड हवं का. साधं सुती कापड तयार ठेवावं, जरीकाठ नको, बारीक तार नको. सूचना कोणी द्यावी हेही तिलाच विचारावं. "हे मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नसतं, फुई," ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तकवाले जेठापुढे कधी उभे राहिले असतील?

शुक्रवार सकाळ

दवाखान्यात इंदूला खिडकीजवळची खाट मिळाली. दीर आला होता, वेचणीचा कापूस अजून त्याच्या सदऱ्याला चिकटलेला. तो औषधाच्या खिडकीवर रांगेत उभा राहिला आणि मी खाटेपाशी. नर्सनं इंदूच्या उजव्या हाताला सुई लावली, बाटली टांगली, थेंब मोजले. "हात हलवायचा नाही, काकू," ती म्हणाली, आणि इंदू माझ्याकडे बघून म्हणाली, "इथंबी तेच."

तेवढ्यात दारात सुभाषभाऊ दिसले. ड्यूटीवर जाता जाता आले होते, हातात पपई. आत आले नाहीत. उंबऱ्यावरून, खाटेकडे न बघता, मला म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा, फोटो एक नंबर आलाय. पुण्याला पोचला पण."

इंदू त्यांच्यापासून तीन हातांवर होती. तिनं डाव्या हातानं पदर पुढे घेतला आणि मला म्हणाली, "अक्का, त्यासले सांगा, पुढल्या फोटोलाबी तेच पाहिजेत मशीनवर."

"अक्का, त्यांना सांगा, मीच असेन."

"त्यासले म्हणा, तवलग डोकावर केस नसतील. नर्सबाईनं सांगितलं. नुसत्या गोट्यावर पदर टिकायचा नाही, घसरेल." हे म्हणता म्हणताच तिला हसू आलं. सगळं अंग हलवून आलेलं हसू, गाठ लागल्यापासून न आलेलं. पदर घसरला आणि खांद्यावर पडला.

सुभाषभाऊही हसले, फरशीकडे बघत. मग हसता हसता त्यांचा आवाज बदलला. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"तू ये, बेटा," ते म्हणाले. "तू फक्त ये."

इंदूचा उजवा हात पदराकडे जायला उठला. मला दिसला, बोटांची चिमूट सुद्धा झाली. मग तिला सुई आठवली. तिनं हात होता तसा खाली गादीवर ठेवला, उघड्या डोक्यानं त्यांच्याकडे बघितलं, आणि मला मधे न घेता म्हणाली, "हो, मी येसू."